माळकऱ्याच्या घरात डुकराचा जंत: मराठवाड्यातल्या एका फिटचा प्रकरण अभ्यास

सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यानं झाली. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी. बारावीला, क्लासेससाठी लातुरात खोली करून राहणारी. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती आणि दुपारी आजीसोबत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. बसल्या जागी तिचा अंगठा आपोआप तळहाताकडं ओढला जायला लागला आणि थांबेना. तिनं डाव्या हातानं तो घट्ट धरला आणि आईला हाक मारली, "माय, बघ ना, हात आपोआपच उडायलाय." मिनिटभरात ते उडणं मनगटात गेलं, कोपरात गेलं, तोंडाची उजवी बाजू ओढली गेली, मान वळली आणि ती आडवी झाली. सगळ्या अंगाला झटके सुरू झाले. चुलत्यानं नाकाशी चप्पल धरली, शेजारच्या बाईनं मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. झटके त्यांच्या वेळेनंच थांबले. ती शुद्धीवर आली, पण दिवेलागणीपर्यंत तिला उजवा हात धड उचलता येईना.

घरच्यांच्या संमतीनं हे प्रकरण लिहितो आहे. नाव-गाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. लिहायचं कारण असं: मेंदूत नेमकं काय बिघडलं की फिट येते, हे संशोधकांनी बऱ्याच प्रमाणात शोधून काढलंय, पण ते पेशंटच्या ओसरीपर्यंत पोचत नाही. तिथं बाधा, करणी आणि मागच्या जन्मीचं पाप आधीच येऊन बसलेलं असतं. या मुलीला कोणतं औषध द्यायचं, कोणतं आधी, किती दिवस, कधी थांबवायचं, इतकंच काय तिच्या लग्नाचं काय, हे सगळे प्रश्न त्या एका कारणाशी बांधलेले होते.

आमच्याकडं येईपर्यंत दोनेक आठवडे गेले. आधी एका देवरषाकडं नेऊन दंडात ताईत बांधला. मग दुसरी फिट आली, तेव्हा शहरातल्या एका दवाखान्यात सीटी स्कॅन झाला, "मेंदूत गाठ आहे, टीबीची असावी" असं सांगण्यात आलं आणि दीड वर्षाच्या टीबीच्या औषधांची चिठ्ठी हातात पडली. वडील ती चिठ्ठी घेऊनच आले. गोळ्या अजून सुरू केल्या नव्हत्या, कारण आजीनं एकच हट्ट धरला होता: "लेकराला खोकला न्हाई, ताप न्हाई, टीबी कुटून आला?"

अंगठ्यानं दिलेला पत्ता

मी आईला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. आई शाळेत फार शिकलेली नाही, पण तिची नजर पक्की. अंगठा, मनगट, कोपर, तोंड, मग सगळं अंग, हा क्रम तिनं न चुकता सांगितला. इथंच निम्मं निदान झालं.

एका ठिकाणी सुरू होऊन अंगावर सरकत जाणाऱ्या या झटक्यांचा बारकाईनं अभ्यास करणारा पहिला मोठा वैद्य म्हणजे लंडनचा जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन. १८७० मध्ये, हाताशी कोणतंही यंत्र नसताना, केवळ पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून त्यानं मांडलं की झटक्यांची वाटचाल मेंदूतल्या जागांच्या क्रमानं होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य प्रवाह सोडून दाखवलं की ठराविक जागा उद्दीपित केली की विरुद्ध बाजूचा ठराविक स्नायूच हलतो. पुढं माणसाच्या मेंदूचाही असा नकाशा तयार झाला. त्यात अंगठ्याला त्याच्या आकाराच्या मानानं प्रचंड जागा आहे, आणि हाताच्या शेजारी लागून चेहरा येतो. हाताचे झटके तोंडावर जातात आणि पाय मागं राहतो, ते म्हणूनच. झटक्यांनंतर काही तास हात लुळा पडतो, त्यालाही १८४९ मध्ये रॉबर्ट बेंटली टॉडनं नोंद करून ठेवल्यापासून त्याचंच नाव आहे. तो लकवा नसतो. दमलेला भाग हळूहळू पूर्ववत होतो.

तेव्हा फिल्म दिव्यावर लावण्याआधीच गोष्ट डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात, हाताच्या पट्ट्यात आहे हे उघड होतं. फिटच्या पेशंटबरोबर ज्यानं फिट डोळ्यांनी पाहिली तो माणूस यायला हवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढून आणला तर आणखी चांगलं.

एमआरआय केला. जिथं असायला हवं तिथंच, डाव्या बाजूला, साधारण एक सेंटिमीटरचं एक कडं. शिरेतून डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव्य) सोडल्यावर कड्याची कड उजळून निघाली. कड्याच्या आत, मधोमध नव्हे तर एका बाजूला, एक बारीक ठिपका. भोवताली सूज. हा ठिपका मी वडिलांना बोट ठेवून दाखवला, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार होतं. ते एका अळीचं डोकं होतं.

टीबी की जंत

टीबीचा संशय घेणाऱ्या डॉक्टरांना मी सरसकट दोष देणार नाही. आपल्याकडं क्षयरोग घरोघर ऐकू येतो, आणि मेंदूतली क्षयाची गाठही कड्यासारखीच दिसते. एक काळ असा होता की अख्ख्या देशात हाच समज होता.

भारतात सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या तरुण पेशंटच्या मेंदूत एकच एक लहान कडं दिसायला लागलं. क्षय समजून औषधं सुरू व्हायची. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की कडं गायब! औषध लागू पडलं असं सगळ्यांनी धरून चालणं साहजिक होतं. पण ज्यांनी टीबीच्या गोळ्या घेतल्याच नाहीत, त्यांचंही कडं गायब व्हायला लागलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तिढा सरळ हाताला घेतला. त्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बहुतेक गाठींत क्षयाचा मागमूस नव्हता. त्यात डुकराच्या पट्टकृमीच्या अळीचे अवशेष होते. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढं १९९३ मध्ये राजशेखर आणि सहकाऱ्यांनी गाठ न काढता निदान करण्याच्या कसोट्या दिल्या: गाठ एकच असावी, २० मिलिमीटरपेक्षा लहान असावी, मेंदू एका बाजूला सरकलेला नसावा, डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा नसाव्यात आणि अंगातली कमजोरी दिवसेंदिवस वाढत जाणारी नसावी.

किती घरांतल्या तरुण मुला-मुलींचं यकृत त्या संशोधनानं विनाकारण औषधांपासून वाचवलं असेल! आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी आपल्याच पेशंटच्या मेंदूत पाहून लावलेला हा शोध आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मुलगी सगळ्या कसोट्यांत बसत होती. डोकेदुखी-उलटी नव्हती, डोळ्याच्या पडद्यावर सूज नव्हती, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, हात पूर्ण ताकदीनं चालत होता. वर अळीचं डोकं दिसत होतं, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. टीबीची चिठ्ठी बाजूला ठेवली. रोगाचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस, मेंदूतला जंत.

आजोबांचा प्रश्न

नाव ऐकून घर हादरलं. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढी वारी कधी चुकलेली नाही. त्यांनी खुर्चीतून उठून विचारलं, "साहेब, आमच्यात सात पिढ्यांत कुणी अंडं सुद्दा शिवलं न्हाई. डुकराचा जंत माझ्या नातीच्या डोक्यात गेला कसा? कुणी खाऊ घातलं का तिला?" त्या शेवटच्या वाक्यानं मुलगी रडायला लागली. ती शहरात राहते, मैत्रिणींबरोबर बाहेर खाते. आरोप कुठं निघालाय हे तिला कळलं होतं.

मी आजोबांना म्हटलं, "आबा, मटण खाऊन हे होतच नाही. ते आधी समजून घ्या." आणि कागदावर जंताचा प्रवास काढून दाखवला.

टिनिया सोलियम या पट्टकृमीचे दोन मुक्काम आहेत. माणसाच्या आतड्यात तो कित्येक हात लांब, चपट्या फितीसारखा वाढतो. त्याचे शेवटचे तुकडे शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. ही अंडी उघड्यावरच्या मैल्यातून डुकराच्या पोटात जातात. तिथं अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत जाऊन शिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखी पुटी होऊन बसते. ते मांस कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं, तर त्याच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी. चक्र पुरं झालं. कच्चं मांस खाणाऱ्याला आतड्यातला जंत होतो. मेंदूतला होत नाही.

मेंदूतला जंत होतो तो अंडी पोटात गेल्यावर. अंड्याला आपण डुकराच्या पोटात आलो की माणसाच्या हे कळत नाही. ते तिथंही उबतं, अळी रक्तात शिरते, आणि रक्त जिथं जास्त जातं तिथं, म्हणजे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत, जाऊन बसते. अंडी येतात माणसाच्याच विष्ठेतून: न धुतलेल्या हातांनी वाढलेल्या जेवणातून, पाण्यातून, नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या कोथिंबिरीतून. डोळ्यांना ती दिसत नाहीत. कोशिंबीर आणि पाणी यांना शाकाहार-मांसाहार असा काही भेद नसतो.

हे कुणी गृहीत धरून बसलं नाही, सिद्ध केलंय. बेल्जियमच्या व्हान बेनेडेननं १८५३ मध्ये डुकराला पट्टकृमीची अंडी चारली आणि त्याच्या मांसात अळ्या सापडल्याचं दाखवलं. दोन वर्षांनी जर्मनीतल्या क्यूखेनमाइस्टरनं उलटी बाजू पाहिली: फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत अळ्या असलेलं डुकराचं मांस खाऊ घातलं आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढले. हा प्रयोग आज कोणत्याही कसोटीवर अमानुषच ठरतो, आणि ते म्हटल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये असं मला वाटतं. पण आजोबांच्या प्रश्नाला सगळ्यात नेमकं उत्तर मिळतं न्यूयॉर्कमधून. तिथल्या कर्मठ ज्यू वस्तीत चौघांना फिट येऊन मेंदूत याच गाठी सापडल्या. या लोकांना डुकराचं मांस धर्मानंच निषिद्ध. शोध घेतल्यावर धागा लागला तो घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माणसांकडं; त्यांच्यातल्या एका व्यक्तीच्या आतड्यात पट्टकृमीची लागण सापडली. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं हे छापलं. मी ही हकिगत आजोबांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग नातीला म्हणाले, "रडू नको बाई, तुजं काई चुकलं न्हाई."

एवढ्यावर वडिलांचा रोख मेसकडं वळला. लातूरला जिथं मुलगी जेवायची त्या मेसच्या मावशींना जाब विचारायची त्यांची तयारी होती. त्यांना थांबवायलाही संशोधनच कामी आलं, आणि तेही भारताशी जोडलेलं. १९३० च्या दशकात ब्रिटिश लष्करातले डॉक्टर मॅकआर्थर यांच्या लक्षात आलं की हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या सैनिकांना मायदेशी गेल्यावर फिट येतात, त्यांना वेडसर किंवा ढोंगी ठरवलं जातं, आणि खरं कारण मेंदूतल्या अळ्या असतात. या सैनिकांचा पाठपुरावा पुढं कित्येक वर्षं चालू राहिला. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी ४५० जणांचा अहवाल दिला. लागण झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत बहुतेकांची काही वर्षं गेली होती. मुलगी लातूरला येऊन दीड वर्षच झालं होतं. अंडं गावच्या पाण्यातून गेलं, बाजारच्या भाजीतून, एखाद्या पंगतीतून की शाळेतून, हे आज कुणालाही सांगता येणार नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागानं ते दिवस पाहिलेत, तिथं भाजी तीन पाण्यांनी धुवा म्हणणं सोपं आणि धुणं अवघड असतं. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी केली. कुणाच्यात पट्टकृमी सापडला नाही.

इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. असं निदान झालं की गावात डुकरं पाळणाऱ्या वस्तीकडं बोट दाखवलं जातं. डुकरापासून माणसाच्या मेंदूत थेट काही जात नाही. अंडी पसरवतो तो आतड्यात पट्टकृमी असलेला माणूस, आणि तो कोणत्याही वस्तीतला, कोणत्याही पंगतीत वाढणारा असू शकतो. डुक्कर आपल्या उघड्यावरच्या घाणीचा बळी आहे.

अळी मरते तेव्हा

आता खरा प्रश्न. अळी जर वर्षानुवर्षं मेंदूत होती, तर फिट आताच का आली?

जिवंत अळी आपलं अस्तित्व लपवते. तिच्या पातळ आवरणातून अशी रसायनं पाझरतात की शरीराची संरक्षक यंत्रणा तिच्याभोवती थंड राहते. या अवस्थेत स्कॅनवर फक्त स्वच्छ पाण्याची पुटी आणि आत ठिपका दिसतो. भोवती सूज नाही, कड उजळत नाही. माणूस शेती करतो, शाळेत जातो, परीक्षा देतो, त्याला काही माहीत नसतं. मग केव्हातरी अळी थकते, आवरण फाटतं, आतला द्राव गढूळ होऊन बाहेर झिरपतो. इतके दिवस जे लपलेलं होतं ते शरीराला एकदम दिसतं आणि संरक्षक पेशी तुटून पडतात. भोवती पेशींचं कडं तयार होतं, रक्तवाहिन्यांची भिंत सैल होते, सूज येते. एरवी डाय मेंदूत शिरत नाही. जिथं ही भिंत सैल होते तिथंच झिरपतो. मुलीच्या एमआरआयमध्ये उजळलेली कड म्हणजे शरीर आणि अळी यांच्यातली चकमकीची रेघ होती.

आणि फिट त्या चकमकीतून येते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात ग्लुटामेट या रसायनानं, आवरतात गाबा या रसायनानं. हा तोल एका जागी सुटला की तिथल्या हजारो पेशी एकाच तालात विजेचे धक्के द्यायला लागतात. जंताच्या बाबतीत तो तोल कशानं सुटतो, हे शोधायला ह्यूस्टनमधल्या प्रेमा रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं. जंताभोवती तयार झालेल्या गाठींचा अर्क त्यांनी दुसऱ्या उंदरांच्या मेंदूत सोडला, तर त्यांना जोराच्या फिट आल्या. पण ज्या उंदरांच्या शरीरात सबस्टन्स पी नावाचं चेतारसायन तयारच होत नाही, त्यांच्या गाठींच्या अर्कानं तसं झालं नाही. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. सबस्टन्स पी जंताचं नव्हे, आपल्याच शरीराचं आहे; सूज आणि वेदना यांच्याशी त्याचं जुनं नातं. म्हणजे फिटमागं मोठा वाटा आपल्याच प्रतिकाराचा.

गोष्ट इथंच पुरी होत नाही, आणि मला हे क्षेत्र आवडतं ते त्यामुळंच. केप टाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे दाखवलंय की अळ्यांमध्येच ग्लुटामेटचा साठा असतो आणि तो बाहेर पडला की शेजारच्या मेंदूपेशी थेट चेतवल्या जातात. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या मेंदूच्या तुकड्यांवरही त्यांनी हे पाहिलं. तेव्हा सूज एक बाजू आणि अळीचं स्वतःचं रसायन दुसरी. कोणती बाजू केव्हा वरचढ असते, यावर काम चालू आहे.

मुलीच्या आईला मी एवढंच सांगितलं: किडा मरतोय, म्हणून मेंदू चिडलाय. आपल्याला किडा संपवायचाय, पण मेंदूला शांत ठेवून.

चौथा दिवस

या एका वाक्यावर सगळा उपचार उभा होता. पहिल्यांदा फिटची गोळी. लेव्हेटिरासेटाम निवडलं, कारण फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही जुनी औषधं जंताच्या औषधाची रक्तातली पातळी खाली आणतात. मग डोळ्यांची तपासणी. डोळ्यात अळी असेल आणि ती औषधानं मेली तर तिथल्या सुजेनं दृष्टी जाऊ शकते. मग स्टेरॉइड, सूज आवरायला. आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावरच अल्बेंडाझोल, वजनाच्या दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम या हिशेबानं, दोन आठवड्यांच्या आत संपणारं. हे औषध स्निग्ध अन्नाबरोबर चांगलं शोषलं जातं. आजीला म्हटलं, भाकरीवर तूप जरा सढळ हातानं घाला. तेवढा भाग त्यांनी मनापासून पाळला.

शाळेत जंताची म्हणून मिळते ती हीच गोळी, पण तो एकच डोस आणि वेगळ्या जंतांसाठी. मेंदूत अळ्या असताना स्कॅन न करता, स्टेरॉइड न देता कुणी मनानं हा कोर्स घेतला, तर एकदम मेलेल्या अळ्यांच्या सुजेनं जीव धोक्यात येतो.

चौथ्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं आणि अंगठा पुन्हा उडाला. एवढंच; पुढं सरकलं नाही. पण वडील फोनवर काकुळतीला आले. "साहेब, गोळ्यांनीच वाढलंय. बंद करू का?" गावात कुणीतरी त्यांना तसंच सांगितलं होतं. अनेक घरांत उपचार याच दिवशी सुटतो. औषध लागू पडतंय, अळी मरतेय, म्हणून दोन-चार दिवस मेंदूची चिडचिड वाढते. हे आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि म्हणूनच ते फोन करून विचारत होते, गोळ्या फेकून देऊन मोकळे झाले नव्हते. त्यांना बोलावून घेतलं, तपासलं, दाब वाढल्याची खूण नव्हती. स्टेरॉइडची मात्रा वाढवली. दोन दिवसांत डोकं उतरलं. कोर्स पुरा झाला, स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं.

अळी औषधानं मारावी की तिची ती मरू द्यावी, यावर डॉक्टरांत बरीच वर्षं वाद होता. पेरूमध्ये गार्सिया आणि सहकाऱ्यांनी १२० पेशंटवर तुलना केली, ती २००४ मध्ये आली. जिवंत पुट्या असलेल्यांत अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना सर्वांगाच्या फिट खूपच कमी आल्या. आमच्या मुलीची अळी मरणपंथालाच होती. अशा एकट्या गाठीतही आज हीच जोडी देतात, म्हणजे कडं लवकर विरघळतं.

उरलेला ठिपका

सहा महिन्यांनी सीटी केला. सगळ्यांना वाटत होतं, आता गोळ्या सुटणार. कडं गेलं होतं, सूज गेली होती. जागेवर एक पांढराशुभ्र, मोहरीएवढा ठिपका राहिला होता. अळीच्या अवशेषावर चुना साचला होता.

मागमूस न ठेवता गाठ विरघळली असती तर फिटची गोळी तेव्हाच उतरवायला सुरुवात केली असती. चुन्याचा ठिपका राहिला की साधारण दोन वर्षं फिटमुक्त गेल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही असं धोरण आहे. ते का, याचं उत्तरही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले थिओडोर नॅश आणि पेरूमधले सहकारी यांनी चुना साचलेल्या पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्यांची फिट परत आली, त्यांच्यातल्या सुमारे निम्म्यांच्या त्या जुन्या, मेलेल्या ठिपक्याभोवती ताजी सूज सापडली. २००८ च्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की चुन्यात अडकलेला अळीचा अंश अधूनमधून उघडा पडतो आणि शरीर त्याच्यावर नव्यानं उठतं. मुलीला मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या. बारावीची जीवशास्त्राची विद्यार्थिनी, तिनंच विचारलं, "मग तो ठिपका काढून का टाकत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. हाताच्या पट्ट्यात सुरी घालण्यापेक्षा रोज दोन गोळ्या खूप सुरक्षित, हे उत्तर तिला पटलं.

मधल्या काळात तिच्यासाठी स्थळ आलं होतं आणि कुणीतरी 'मिरगीची मुलगी' असं पोचवल्यानं परत गेलं. आई खचली. वडिलांना एक गोष्ट ठाऊक नव्हती: हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिट येणाऱ्या व्यक्तीच्या विवाहाला बंधन होतं, ते १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलंय. मी त्यांना हेही म्हटलं, की सतराव्या वर्षी स्थळाची घाई कशाला. तिला शिकू द्या. मुलगी मान खाली घालून ऐकत होती, पण हसली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा जंत जिथं मुरलाय तिथं अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे ३० टक्के प्रकरणांमागं तोच असतो. टाळता येण्याजोगा अपस्मार म्हणून त्याचा पहिला नंबर आहे. पेरूच्या उत्तरेकडच्या टुंबेस भागात माणसांना आणि डुकरांना दोघांनाही औषधं देऊन, डुकरांना लस टोचून लागण जवळजवळ थांबवून दाखवली गेली. डुकरांसाठीची लस मेलबर्नच्या लाइटोलर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मली आणि सिस्व्हॅक्स या नावानं ती बनवतात आपल्या शेजारी, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये. लातूरहून एका रात्रीच्या एसटीवर लस तयार होते आणि आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत, ग्रामसभांत तिचं नावही निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक कोडं मात्र अजून सुटायचं आहे, आणि या मुलीचं भवितव्य त्याच्याशी जोडलेलं आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत प्रसाद आणि सहकाऱ्यांनी डुकरं पाळणाऱ्या वस्तीतल्या, आयुष्यात एकदाही फिट न आलेल्या लोकांचे एमआरआय केले, तर त्यातल्या काहींच्याही मेंदूत पुट्या निघाल्या. तोच जंत, तोच मेंदू. एकाला झटके, दुसरा ठणठणीत. त्याच गटानं जंतू ओळखणाऱ्या टोल-लाइक रिसेप्टर-४ या प्रथिनाच्या जनुकातले बारीक फरक तपासले आणि लक्षणं दिसणाऱ्यांत काही फरक जास्त आढळले. कोणाचं शरीर अळीवर किती जोरानं उठतं, हे थोडंफार जन्मतःच ठरत असावं असा याचा रोख आहे. त्यावरून एखाद्या पेशंटला गोळी केव्हा थांबवायची हे आधी सांगता येईल, इतकी पुढची पायरी अजून आलेली नाही.

तोवर जुन्या पद्धतीनंच चालायचं. पहिल्या आठवड्यातला तो चौथा दिवस सोडला तर तिला झटका आलेला नाही. दोन वर्षं पुरी झाली की पुन्हा सीटी, आणि ठिपक्याभोवती काही नसेल तर गोळीची मात्रा काही महिन्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवायची. त्या दिवसांत स्कूटी चालवायची नाही, विहिरीत पोहायला उतरायचं नाही, चुलीपाशी एकटीनं बसायचं नाही, परीक्षा असली तरी रात्र जागवायची नाही, हे तिला कागदावर लिहून दिलंय. अंगठा उडायला लागला तर काय करायचं हेही त्यावर आहे: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि झटके पाच मिनिटांवर गेले तर थेट दवाखाना. गोळी बंद झाल्यानंतरचं पहिलं वर्ष जास्त सांभाळायचं, कारण फिट परतायची असेल तर बहुधा त्याच काळात परतते.